पथ्यपाणी

१८९२ साली राधाबाई पटकीने गेल्या आणि भगूरच्या सावरकरांच्या घरातली चूल पुरुषांच्या हाती आली. थोरला गणेश, म्हणजे पुढचे बाबाराव, तेरा वर्षांचा, विनायक नऊचा, मैना त्याहून लहान, आणि नारायण तर चारच वर्षांचा. दामोदरपंतांनी दुसरं लग्न केलं नाही. स्वतः चुलीपुढे बसले, थोरल्याला हाताशी घेतलं, आणि पोरांची ताटं वाढू लागले. घरात अष्टभुजा देवी होती, तिची पूजाअर्चा चालू होती, शेतीवाडी होती. कर्ती बाई मात्र नव्हती. पुढे १८९६ च्या सुमारास गणेशचं लग्न झालं आणि त्र्यंबकेश्वरच्या फडक्यांची यशोदा, म्हणजे पुढच्या येसूवहिनी, सून म्हणून आली. अकरा-बारा वर्षांची पोर. तिचा दीर विनायक जवळजवळ तिच्याच वयाचा.

"सून कसली?" आमची ताईआजी म्हणायची. "त्या घराला आई आली. आणि तीही परकरातून नुकती लुगड्यात आलेली."

ताईआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. नाशकाच्या जुन्या गावात, गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत आमचा वाडा होता. त्या वाड्यात जन्मलेलं प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्या हातांनी न्हाऊन निघालं आणि वाड्यातून गेलेल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात शेवटचं पाणी तिने घातलं. ती शिकलेली नव्हती. इतिहासाचं पुस्तक तिने कधी उघडलं नसेल. पण येसूवहिनींची गोष्ट ती अशी सांगायची की आम्हा पोरांना बरीच वर्षं वाटत होतं, या वहिनी आपल्याच नात्यातल्या कुणीतरी असणार.

तिने त्यांना पाहिलं होतं असं ती कधी म्हणाली नाही. "आई सांगायची," एवढंच म्हणायची. मी मोठा झाल्यावर विनायकरावांच्या 'माझ्या आठवणी' वाचल्या, 'माझी जन्मठेप' वाचलं, बाबारावांविषयी जे मिळालं ते वाचलं, आणि ताईआजीची गोष्ट त्यांच्याशी ताडून पाहिली. तिच्या सांगण्यात साल-तारीख क्वचितच असायची. पण कोण आजारी होतं, कुणाला काय खायला घातलं, रात्री कोण जागलं, याबाबत ती पक्की होती. पुस्तकांतून मला सालं मिळाली. त्या सालांत माणसं कशी जगली हे तिच्याकडून कळलं.

प्लेगची गोष्ट ती दिवसा सांगायची. रात्री नाही. "रात्री नाव घेऊ नये," म्हणायची.

मुंबईत मांडवीला प्लेग आला तो १८९६ च्या सप्टेंबरात. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. मग घरझडत्या सुरू झाल्या, आजाऱ्याला उचलून दवाखान्यात नेणं, बाकीच्यांना छावणीत घालणं, सामान बाहेर काढून जाळणं सुरू झालं. पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच जुलमाच्या रागातून, २२ जून १८९७ ला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, प्लेगच्या एका पोराला दवाखान्यात पोचवताना लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. त्या दिवसांत आजाऱ्याला हात लावणं म्हणजे काय होतं, हे यावरून कळतं. ज्याला हात लावायचा तो आपला प्राण घेऊन जाईल, हे ठाऊक असून लावायचा.

ताईआजीच्या आईने हे सगळं पाहिलेलं. घरात उंदीर मरून पडला की लोक सामानसुमान टाकून माळावर झोपड्या घालायचे. उंदीर पडला म्हणजे माणूस पडणार. काखेत किंवा जांघेत गाठ आली, ताप चढला, की घरातले लोक ती गाठ लपवायचे. कारण गाठ दिसली की शिपाई येणार, आणि दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही अशी सगळ्यांची समजूत. "गाठ आली तर आईलासुद्धा सांगायचे नाहीत," ताईआजी म्हणायची. "आईला कळलं की ती जवळ येणार ना!"

भगूरला प्लेग पोचला तो १८९९ मध्ये. त्या सप्टेंबरात दामोदरपंत गेले. पाठोपाठ धाकटा नारायण, घरचा बाळ, तापला. काकांनाही रोगाने गाठलं आणि तेही गेले. सात वर्षांपूर्वी आई गेलेल्या त्या पोरांचे आता वडीलही नव्हते, आणि गावात त्यांच्याकडे कुणी फिरकणं शक्य नव्हतं. प्लेगच्या घरात कोण येतो?

इथे गोष्टीत नाशिक येतं. नाशकाचे रामभाऊ दातार, बाबारावांचे स्नेही, यांनी या कुटुंबाला आपल्या घरात घेतलं. ताईआजी इथे नेहमी थांबायची, आमच्याकडे एकेकाकडे पाहायची आणि विचारायची, "तुम्ही घेतलं असतंत?" आम्ही पोरं जोरात "हो" म्हणायचो. ती मान हलवायची. आज माझं वय तेव्हाच्या तिच्या वयाला आलं आहे आणि कोविडच्या टाळेबंदीत एकाच जिन्यावर राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना दारं लावून घेतलेली मी पाहिली आहेत. दातारांच्या घरातल्या बायकांनी त्या दिवशी काय म्हटलं असेल, पोरंबाळं कुठे सरकवली असतील, पाहुण्यांची पथारी कुठे घातली असेल, याचा विचार मी तेव्हापासून वारंवार करतो. नाशिकच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना आपण रामकुंडापासून सुरुवात करतो. मला वाटतं, दातारांच्या त्या उघड्या दारापासूनही करावी.

बाळला नाशकाच्या प्लेगच्या दवाखान्यात ठेवलं. बाबारावांनी त्याला एकटं सोडलं नाही; शुश्रूषेला तिथेच राहिले, आणि तिथेच त्यांनाही प्लेग झाला. स्वतःला लागण झाल्याचं त्यांनी घरी लगेच कळू दिलं नाही. इकडे दातारांच्या घरी राहिले सोळा वर्षांचा विनायक आणि जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची येसूवहिनी. सासरा गेलेला, चुलतसासरा गेलेला, नवरा आणि धाकटा दीर दवाखान्यात. विनायक दवाखान्यात जाऊन खबर आणायचा. येसूवहिनीने वाट पाहायची.

"वाट पाहायची म्हणजे काय करायची?" एकदा मी विचारलं होतं.

"काम करायचं," ताईआजी म्हणाली. "परक्याच्या घरात आहोत. पहाटे उठून सडा घालायचा, पाणी भरायचं, त्यांच्या बायकांच्या आधी कामाला लागायचं. दीर परत आला की त्याच्या तोंडाकडे बघायचं. विचारायचं नाही. तो सांगेल."

हा तपशील कुठल्या पुस्तकात मला सापडलेला नाही, आणि तसा तो सापडण्याजोगाही नाही. ताईआजीने तो स्वतःच्या अनुभवातून भरला असणार. पण परक्या घरी आसऱ्याला राहिलेल्या पोरीचं जिणं तिला माहीत होतं, म्हणून मी तो खोटा मानत नाही.

दोघेही भाऊ वाचले. प्लेगमधून उठलेला माणूस त्या काळी गावात कौतुकाचा विषय असे. इथे एका घरातले दोघे उठले. कुटुंबाने भगूर सोडलं आणि नाशकात बिऱ्हाड केलं, तिळभांडेश्वराच्या गल्लीत. या गल्लीतच १९०० च्या आरंभी मित्रमेळा ही क्रांतिकारी संघटना उभी राहिली, आणि पुढे १९०४ मध्ये त्यातूनच अभिनव भारत. नाशिकच्या माणसाला हा इतिहास ठाऊक आहे. त्र्यंबकराव म्हसकर, रावजी कृष्ण पागे यांची नावं ठाऊक आहेत. पायांनी अधू असलेले आबा दरेकर, म्हणजेच कवी गोविंद, यांचं नाव तर ठाऊक आहेच. गल्लीत आज अभिनव भारत मंदिर आहे. शाळेच्या सहली तिथे येतात.

पण एवढी तरुण मंडळी वेळीअवेळी ज्या घरात जमायची, त्या घराचं काय? बाबारावांचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं, हातात नोकरी नव्हती, डोक्यावर कर्ज होतं, आणि विनायकाला शिकवायचं होतं. तो १९०२ मध्ये पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेला. बाळ शाळेत. येणाऱ्याजाणाऱ्याला धरबंध नाही. येसूवहिनींच्या अंगावरचे दागिने या काळात एकेक करून गेले, हे सगळेच सांगतात. मला त्या दागिन्यांपेक्षाही त्यांचा स्वयंपाक जास्त आठवतो, म्हणजे ताईआजीने सांगितलेला. "घरात काही नसलं तरी बाई दारातल्या माणसाला तसं दिसू देत नाही," ती म्हणायची. "पिठात पाणी जास्त घालून पिठलं वाढवायचं आणि म्हणायचं, आज पातळच केलंय, उन्हाळा आहे."

येसूवहिनी फक्त स्वयंपाकघरात राहिल्या असत्या तरी मी त्यांच्यावर हा लेख लिहिला असता. पण त्या राहिल्या नाहीत. नाशकातल्या बायकांना जमवून त्यांनी 'आत्मनिष्ठ युवती संघ' उभा केला. विनायकरावांची पत्नी यमुनाबाई त्यात होत्या, दातारांच्या घरच्या लक्ष्मीबाई होत्या, गल्लीतल्या कितीतरी होत्या. वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, कवी गोविंदांची गाणी म्हणायची, विलायती साखर आणि काचेच्या परदेशी बांगड्या सोडायच्या. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका आणि या संघाच्या बायका बाहेरून सारख्याच दिसत असणार, त्यामुळे सुरुवातीला कुणाला संशयही आला नसेल. ज्या मुलीच्या आयुष्याची सुरुवात दुसऱ्यांच्या मुलांना जेवू घालण्यात झाली, तिने वीस-बावीस वर्षांची असताना गावातल्या बायका बाहेर काढल्या. हे दोन वेगळे गुण आहेत असं मला वाटत नाही. ज्या बाईकडे सगळी गल्ली दुखलंखुपलं घेऊन जाते, तिच्या शब्दावरच चार बायका घरातून पाऊल बाहेर टाकतात. ताईआजीच्या बाबतीत हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाड्यात पाण्याच्या नळासाठी नगरपालिकेत जायची वेळ आली तेव्हा पुरुष अर्ज लिहीत बसले आणि सतरा घरच्या बायकांना घेऊन ताईआजी जाऊन आली.

१९०९ च्या जूनमध्ये बाबारावांना जन्मठेपेची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर कवी गोविंदांच्या कविता छापल्या. मालमत्ता जप्त झाली. जप्ती म्हणजे कागदावरचा शब्द नव्हे. सरकारी माणसं घरात येऊन भांडीकुंडी उचलतात. लंडनला विनायकरावांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी वहिनीला उद्देशून 'सांत्वन' ही कविता लिहून पाठवली. शिक्षा भावाला झाली होती. कविता वहिनीला गेली. आपण कुणाच्या हाताने वाढलो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा प्रभाकर याच सुमारास लहानपणीच गेला होता. वहिनींनाही मूल राहिलं नाही.

मग २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. तो सगळा इतिहास मोठा आहे, तो इथे मांडत नाही. ताईआजीच्या आईच्या आठवणीत त्यातलं एवढंच उरलं होतं की त्यानंतर गल्लीत संध्याकाळी कुणी ओटीवर बसेनासं झालं. कुणाच्या घरी कोण आलं, याची नोंद कुणीतरी करतंय असं सगळ्यांना वाटायचं. माणसं वहिनींना पाहून रस्ता बदलायची. ती वाईट होती म्हणून नव्हे, घाबरली होती. दहा वर्षांपूर्वी प्लेगच्या भयानेही हीच माणसं अशीच लांब झाली होती.

नाशिक कटाच्या खटल्यात बाळलाही सहा महिने शिक्षा झाली. असा एक काळ आला की तिन्ही भाऊ तुरुंगात आणि बाहेर दोघी जावा, येसूवहिनी आणि यमुनाबाई. पॅरिसहून मादाम कामा या कुटुंबासाठी पैसे पाठवत. त्या पारशी बाईने मराठी घरातल्या, कधी न पाहिलेल्या जावांची ही काळजी वाहिली, हे सांगताना ताईआजी हात जोडायची. कामाबाईंनी स्टुटगार्टला झेंडा फडकवला हे तिला माहीत नव्हतं, पण पैसे पाठवायच्या एवढं तिला पक्कं माहीत होतं.

बाबारावांप्रमाणे विनायकरावही जन्मठेपेवर अंदमानात गेले. तिथून वर्षातून एक पत्र. विनायकरावांची ती पत्रं बाळला लिहिलेली आहेत. बाळ तेव्हा कलकत्त्याला वैद्यकीचं शिक्षण घेत होता. त्या पत्रांतून वहिनींची चौकशी पुन्हा पुन्हा येते. एकाच तुरुंगात असून दोघा भावांची भेटही दुर्मीळ होती. इकडे येसूवहिनी नवऱ्याच्या भेटीची परवानगी मागत राहिल्या. अर्ज जात राहिले. वर्षं गेली. १९१९ मध्ये येसूवहिनी वारल्या, वयाच्या पस्तिशीच्या आत. भेटीची परवानगी आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी. त्या वर्षी मेच्या अखेरीस नारायणराव आणि यमुनाबाई बोटीने अंदमानला पोचले, आठ-दहा वर्षांनी भावाभावांची भेट झाली, आणि भेटीला आलेल्यांत वहिनी नव्हत्या.

ताईआजी इथपर्यंत आली की उठायची. काहीतरी काम काढायची. आम्ही तिला कधी रडताना पाहिलं नाही, पण या ठिकाणी ती नेहमी उठायची, हे माझ्या पक्कं लक्षात आहे.

तिचं का असं व्हायचं ते मला खूप उशिरा, माझ्या वडिलांकडून कळलं. १९१८ मध्ये मानमोडी आली. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीला आपल्याकडे हेच नाव होतं. माणूस तापाने फणफणायचा, मान टाकायचा, आणि दोन-तीन दिवसांत जायचा. ताईआजीचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. तेरा वर्षांची होती. नवरा त्या साथीत गेला. सासरच्यांनी तिला नाशकाला आणून पोचवलं. पोरगी ओसरीवर बसली, जेवेना, बोलेना. तिच्या वडिलांनी एक मोठं काम केलं, तिचे केस उतरवू दिले नाहीत. आणि आईने दुसरं केलं. येसूवहिनी गेल्याची बातमी गावात आली त्या दिवसांत आईने तिला जवळ घेऊन ती सगळी गोष्ट सांगितली. भगूरपासून. प्लेगपासून. नवरा असून दहा वर्षं दिसला नाही, पोटचं मूल नाही, घर नाही, आणि तरी एवढ्या मुलांची वहिनी झाली. गोष्ट संपल्यावर आईने तिच्या हातात चुलतभावाचं तान्हं मूल दिलं आणि म्हणाली, "याला जरा आंघोळ घाल."

ते तान्हं मूल म्हणजे माझे वडील नव्हेत, त्यांच्याआधीचे एक काका. वडील त्यांच्यानंतर जन्मले. पण त्या दिवसापासून वाड्यातली मुलं ताईआजीची झाली.

पुण्याला रमाबाई रानड्यांच्या सेवासदनात तेव्हा तरुण विधवांना परिचारिकेचं शिक्षण मिळत होतं. तिला जायचं होतं, असं ती एकदाच, माझ्या बहिणीला म्हणाली. पाठवलं नाही कुणी. तिचा हात किती जाणता होता हे पाहिलेल्या कुणालाही याची हळहळ वाटेल, आणि मला आजही वाटते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सोलते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माझे आजोबा अर्धांगाने पडले तेव्हा वर्षभर त्यांच्या पाठीला एक ओरखडा आला नाही. त्यांना तपासायला येणारे डॉक्टर ताईआजीला विचारून औषध ठरवायचे. रात्री झोप कशी होती, लघवीचा रंग कसा, भाताची पेज गिळताना ठसका लागतो का. ती नेमकं सांगायची. बाळंतिणीला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. तान्ह्याला उगाळलेली गुटी, प्रत्येक औषधाचे वेढे मोजून. तापातून उठलेल्याला मऊ भात, मेतकूट, वर थोडं तूप. "औषध डॉक्टरचं, पथ्यपाणी आपलं," हे तिचं म्हणणं. त्यात ती कुणाचं ऐकायची नाही.

१९६९ च्या सप्टेंबरात गंगेला मोठा पूर आला. दुतोंड्या मारुती पाण्यात गेला की नाशिकची माणसं पुराचा अंदाज घेतात. त्या वेळी मारुतीच काय, काठची कितीतरी घरं पाण्यात होती. पाणी चढू लागल्यावर आमच्या गल्लीतल्या खालच्या अंगाची बिऱ्हाडं वर आली. ताईआजीने वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा ठेवला. मोठ्या पातेल्यात खिचडी लावली. आमच्या घरातल्याच कुणीतरी कुजबुजल्यासारखं विचारलं, एवढ्या लोकांना कुठे ठेवणार, कोण कुठलं आहे ते तरी माहीत आहे का? ताईआजी म्हणाली, "दातारांनी विचारलं होतं का?" खिचडी ढवळत राहिली. विचारणाऱ्याला दातार कोण ते कळलं नाही. आम्हा पोरांना कळलं.

ती स्वतः गेली त्या वेळी मी नोकरीनिमित्त नाशकाबाहेर होतो, पण शेवटचे काही आठवडे तिच्याजवळ राहायला मिळाले. तिला कुशीवर वळवायचं काम माझ्याकडे होतं. ती तेवढ्यातही मला सांगायची, हात कुठे घालायचा. खांद्याखाली एक, कमरेखाली एक, आणि ओढायचं नाही, उचलायचं. माझ्या आईला पेज जास्त पातळ करायला सांगायची. एकदा दुपारी तिने मला येसूवहिनींची गोष्ट सांगायला लावली. आयुष्यभर तिने सांगितलेली गोष्ट मी तिला सांगितली, माझ्या वाचनातली सालं त्यात घालून. सालांचं तिला काही वाटलं नाही. अंदमानच्या भेटीपर्यंत आलो आणि थांबलो. आता उठून जाणं तिला शक्य नव्हतं.

"पुढे?" ती म्हणाली.

पुढचं तिने कधी सांगितलंच नव्हतं, म्हणून मी सांगितलं. बाबाराव १९२२ च्या सप्टेंबरात सुटले, म्हणजे सोडले गेले, कारण प्रकृती इतकी ढासळली होती की ते वाचतील असं कुणाला वाटत नव्हतं. अंदमानातल्या कोलूने आणि हालांनी शरीर पोखरलं होतं. विनायकरावांना १९२४ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्ध केलं.

ताईआजी थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "बाबारावांना तसं घरी आणलं, त्यांचं पथ्यपाणी कुणी केलं? वहिनी तर नव्हती."

"बाळने," मी म्हणालो. "नारायणराव तोवर मुंबईत डॉक्टर झाले होते. त्यांनी भावाला आपल्या घरी नेलं आणि त्यांच्या घरच्यांनी सेवा केली. बाबाराव त्यातून उठले. पुन्हा लग्न केलं नाही. त्यानंतर बावीस वर्षं जगले, लिहिलं, हिंडले, आणि १९४५ च्या मार्चमध्ये सांगलीला गेले."

"तोच बाळ? प्लेगच्या दवाखान्यातला?"

"तोच."

"मग बरं," ताईआजी म्हणाली, आणि मला कुशीवर वळवायला सांगितलं.